मिरवणुकीतली तलवार शिवकालीन असते का?

शिवजयंतीच्या मिरवणुकीत दिसणारी तलवार बहुतेकदा स्टेनलेस स्टीलची, वाकडी, चकचकीत. वाकड्या समशेरी मराठेही वापरत, पण त्यांची खास ओळख असलेली धोप सरळ पात्याची. अनेक पाती युरोपातून येत, म्हणून 'फिरंग' हे नाव. मूठ मात्र इथली. मुठीच्या टोकाचा दांडा शोभेचा नव्हे, दुसरा हात लावून वार करता यावा यासाठी. कारखान्यांनी संग्रहालयातला नमुना मोजून साचा बदलला, तरी निम्मं काम होईल.

अस्सलपणाचा हट्ट धारेपाशी मात्र सोडावा. 9 इंचांहून लांब धारदार तलवार शस्त्र कायद्याच्या कक्षेत येते. तलवारीच्या रील्सवरून गुन्हेही दाखल झालेत. पातं बोथटच हवं. मनाई आदेश लागू असेल, तर बोथट तलवारीबद्दलही आधी पोलीस ठाण्यात विचारलेलं बरं.