आधी खेळाडूचा खुराक, मग प्रेक्षकांची गॅलरी



लागणीच्या नोंदी, बेणे आणि खते ह्यांखेरीज मी ह्या पानावर सहसा लिहीत नाही. पण यंदा एका सभासदाच्या पाहुण्यांकडे गुंजवण्याला जत्रेच्या जेवणाला गेलो होतो. तिथे झालेला वाद तुमच्या कानावर घालणे जरुरीचे वाटते, कारण त्यात शेवटी तुमच्या ऊसबिलाचा विषय निघाला.

भात निघालेल्या खाचरात आखाडा केला होता. माणसे बांधावर बसलेली, पोरे झाडावर, वर राजगड. कुस्त्या चांगल्या झाल्या. रात्री ओट्यावर पोरांनी मोबाईलवर आयपीएल लावली. मुंबईवाले आणि चेन्नईवाले असे दोन तट पडले आणि अशी जुंपली, की वडीलधाऱ्यांना मध्ये पडावे लागले. त्यावरून एक सभासद मला म्हणाले, "साहेब, आपल्याकडे एवढे शौकीन आहेत, पण बसायला धड जागा नाही. कारखान्याने टनामागे दोन रुपये कापावेत आणि पाच हजार माणूस बसेल असे स्टेडियम बांधावे. भागाचे नाव होईल." चारचौघांनी माना डोलावल्या. कोपऱ्यातले एक म्हातारेबाबा तेवढे म्हणाले, "बसायला बांध आहे की. लढणाऱ्याच्या पोटात दूध आहे का, ते आधी बघा."

मी नोकर माणूस, ठराव करणे तुमच्या हाती. पण माझे मत विचाराल तर ते बाबांच्या बाजूचे आहे.

कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिम्पिकला गेले, ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. मातीत वाढलेला गडी, गादीवरच्या कुस्तीची सवय नाही, तरी सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला जायचे तर पैसा नव्हता. गावाने वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी राहते घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी ब्राँझ पदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. गावाने शंभरावर बैलगाड्या जुंपून त्यांची मिरवणूक काढली. पुढे कुस्त्या लढून त्यांनी खर्डेकर सरांचे ऋण फेडले.

खरा शौकीन मी ह्याला म्हणतो. बैलगाडी पदकानंतर जुंपली, पण वर्गणी पदकाच्या आधी दिली होती.

आता पुढचे ऐका. खाशाबा १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. दिल्लीच्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव लागले. पण गोळेश्वरला जाहीर झालेली कुस्ती अकादमी काही उभी राहीना. शेवटी २०१७ साली घरच्यांवर ते पदकच लिलावात काढण्याची भाषा करायची वेळ आली. गॅलरीला नाव मिळाले, तालमीला छप्पर मिळाले नाही.

सरकारी पैशाची वाटही बहुधा टाळ्यांच्या मागून जाते. २०२४ च्या जुलैमध्ये टी-२० विश्वचषक जिंकणाऱ्या संघाला राज्य शासनाने ११ कोटी रुपये जाहीर केले. पुढच्याच महिन्यात राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला नेमबाजीत ब्राँझ पदक मिळवले. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला मिळालेले हे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्याला पहिल्यांदा जाहीर झाले १ कोटी. क्रिकेटवाल्यांचा मला राग नाही, मीही सामने बघतो. पण ज्याच्या घरी आधीच रेलचेल आहे त्याला आहेर मोठा, आणि शेतकऱ्याच्या पोराला उरलेसुरले, हे मनाला पटत नाही.

स्टेडियम बांधले की नाव होते, हेही तपासून बघा. आपल्या जिल्ह्यात गहुंजेचे क्रिकेट मैदान २०१२ साली थाटात सुरू झाले. क्रिकेट म्हणजे पैशाचा खेळ. तरीही कर्ज थकले आणि २०१८ साली बँकांनी मैदानाचा प्रतीकात्मक ताबा घेतला. बँकेचा ताबा म्हणजे काय, हे सहकारातल्या माणसाला समजावून सांगायला नको. क्रिकेटची ही गत, तर वर्षातून दोन फड भरणाऱ्या आपल्या स्टेडियमचे व्याज कोण भरणार? आणि एरवी तिथे काय करणार, कडबा रचणार?

काही जण कोल्हापूरच्या खासबागेचा दाखला देतील. शाहू महाराजांनी १९१२ साली ते मैदान पुरे केले, हे खरे. पण त्याच्या कितीतरी आधीपासून महाराजांनी तालमी उघडल्या होत्या आणि पैलवान पोसले होते. आधी मल्ल तयार झाले, मग मैदान भरले.

आपण बेण्याच्या बाबतीत हेच करतो. मूलभूत बेणे आणायचे, त्यावरून पायाभूत मळा, मग प्रमाणित बेणे, आणि त्यानंतर ते सभासदाच्या रानात. वरून दिसत नाही, पण उतारा तिथे ठरतो. बेणे किडके ठेवून बांधाला चुना लावला तर टनेज वाढत नाही.

हिशेब साधा आहे. ३ लाख टन गाळप धरा. टनामागे १ रुपया म्हणजे ३ लाख रुपये. तेवढ्यात स्टेडियमची एक बाजूही उभी राहणार नाही. पण १० मुलांना वाटले तर प्रत्येकाला वर्षाला ३०,००० म्हणजे महिना २,५०० रुपये पडतात. दूध, अंडी, बदाम आणि स्पर्धेचे एस.टी. भाडे एवढ्यात बसते. घरात पैशाची ओढ लागली की आधी पोराचा खुराक बंद होतो, हे मी गावोगाव बघतो. त्या १० मध्ये निम्म्या मुली असाव्यात. आपल्या पोरी पळण्यात आणि कबड्डीत कमी नाहीत.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. आपल्या खोऱ्यात चार महिने पावसाची झड असते आणि उघड्यावर मेहनत होत नाही. म्हणून पत्र्याचे छप्पर आणि खाली गादी हवी. तो खर्च लढणाऱ्यासाठी आहे, त्याला माझी ना नाही. तालुका क्रीडासंकुलासाठी शासनाचे अनुदान असते, तेही आपण हक्काने मागावे.

आणि कपात करायचीच तर सर्वसाधारण सभेत ठराव होऊन, सभासदाच्या लेखी संमतीने व्हावी. कोणत्या मुलाला किती दिले, हे दरवर्षी ह्याच पानावर छापावे. ऊसबिल हा तुमच्या घामाचा पैसा आहे, त्यातला रुपया गेला कुठे हे दिसले पाहिजे.

प्रेक्षकाला बांध पुरतो. पुढच्या जत्रेला आपण पुन्हा बांधावरच बसू, फक्त खाली लढणारा गडी आपल्या रुपयाच्या दुधावर वाढलेला असावा.

चूकभूल द्यावी घ्यावी.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग