मायेच्या नावाखाली

विशेष मुलांना शिकवायला पदवी कशाला हवी, माया आणि संयम असला की पुरे. ही नोकरी नव्हे, सेवा आहे, असं एका वक्त्याने नुकतंच व्यासपीठावरून सांगितलं आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. पुढचं ओघानेच आलं : मुलं नेहमीच्या शाळेत घातली की आपोआप रुळतात, घरी आई असतेच, मग वेगळे शिक्षक नेमून पैसा का घालवायचा? मला या म्हणण्याचा संताप येतो. स्तुतीच्या आडून ते शिक्षकाचं ज्ञान नाकारतं आणि मुलाचा हक्कही.

संयमाचंच घेऊ. न बोलणारा स्वमग्न मुलगा वाचनाच्या तासाला स्वतःचा हात चावतो. मायाळू माणूस त्याला जवळ घेईल, पुस्तक बाजूला ठेवील, मैदानात फिरवून आणील. मुलगा शांत होतो. दुसऱ्या दिवशी तो अधिक जोरात चावतो, कारण हात चावला की नकोसं काम टळतं हे त्याला या मायेनेच शिकवलेलं असतं. प्रशिक्षित शिक्षिका आधी नोंदवही उघडते. चावण्यापूर्वी काय घडलं, नंतर त्याला काय मिळालं, दात तर दुखत नाही, पंख्याची घरघर तर सहन होत नाही, हे ती रोज टिपते. काम टाळणं हेच कारण निघालं तर ती उतारा लहान करते आणि ‘थांबूया’ असं सुचवणारं चित्रकार्ड त्याच्या हाताशी ठेवते. सुरुवातीला त्याचा हात धरून कार्ड द्यायला लावते, मिळताक्षणी विश्रांती देते. मग हाताचा आधार काढत नेते. विश्रांतीआधी एक ओळ, पुढे दोन. चावून काम टळू द्यायचं नाही आणि इजाही होऊ द्यायची नाही, हे दोन्ही एकाच वेळी सांभाळायचं.

शर्टाचं बटणही असंच. काजातून अर्धं बाहेर आलेलं बटण ओढून घ्यायची शेवटची पायरी आधी मुलाकडे, बाकी सगळ्या शिक्षिकेकडे. ती जमली की तिच्या अलीकडची. उलट्या क्रमाने शिकवल्यामुळे काम पहिल्या दिवसापासून मुलाच्या हातून पूर्ण होतं. नुसत्या मायेला हे सुचत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्याने या व्यवसायाला नोंदणी सक्तीची केली आणि नोंदणीशिवाय काम करणाऱ्याला कैद किंवा दंडाची तरतूद ठेवली, ती उगाच नाही.

आईचं म्हणाल तर आईला नोकरी असते, दुसरं मूल असतं, आणि तिलाही हे कुणीतरी शिकवावंच लागतं.

विशेष शाळा की नेहमीची शाळा, हा वाद जुना आहे. त्यात दोन्हीकडचे लोक आपापल्या संस्था राखत भांडले आणि मूल मधल्या मध्ये राहिलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळची शाळा किंवा पसंतीची विशेष शाळा यांत मोफत शिक्षणाचा हक्क दिला, तेव्हाच हा वाद संपायला हवा होता. पण नेहमीच्या शाळेत शेवटच्या बाकावर रोज तेच चित्र रंगवत बसलेलं मूल रुळलेलं नसतं, सोडून दिलेलं असतं.

मग हवं काय? सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर १० आणि पुढच्या स्तरावर १५ विशेष विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितलं आहे. त्याप्रमाणे कायमची पदं भरा. एका शिक्षकाला कंत्राटावर शाळाशाळांतून फिरवायचं आणि मुलाच्या वाट्याला त्याचे मोजके तास द्यायचे, ही पद्धत बंद करा. रोजच्या नोंदींशिवाय वर सांगितलेलं काहीच घडत नाही, आणि नोंदी ठेवायला शिक्षक रोज तिथे असावा लागतो. पालकांनीही शाळेत गेल्यावर मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा मागावा, आणि गेल्या वेळी ठरवलेलं कोणतं उद्दिष्ट गाठलं, कोणतं नाही आणि का, हे शिक्षकासमोर बसून विचारावं.