कॅसेट सीडीत कोंबू नका

ढोकीच्या आमच्या घरात तीन तासांची व्हिडिओ कॅसेट होती. आधी भीमजयंतीची मिरवणूक, शेवटी आजी १९५६ ची नागपूरची धम्मदीक्षा सांगते. २००४ साली पैसे वाचवायला मी ती एकाच सीडीवर बसवून घेतली. आजीचा चेहरा चौकोन-चौकोन झाला. मिरवणुकीत तर कोण कोण आहे तेच कळेना. हालचाल जास्त, तितकी चित्राला जागा जास्त लागते.

व्हीसीडीत दर सेकंदाला चित्रासाठी ११५० किलोबिट धरतात. त्या हिशेबाने सीडीवर ८० मिनिटेच मावतात. तीन सीडी हव्या होत्या. कॅसेट फेकली नव्हती, म्हणून पुन्हा उतरवता आली. आजी तोवर गेली होती. आता पेनड्राइव्हवर उतरवून देतात. तिथेही ‘फाइल लहान करू नका’ असे आधीच बजावा, आणि मूळ कॅसेट मागून घ्या.