अंपायर आपलाच आहे!

रविवारी सकाळी सहाचा अलार्म लावते, हे आईला अजूनही पटत नाही. आठवडाभर अकराच्या आत ज्या मुलीचा चहा होत नाही, ती रविवारी अंधारात बूट बांधत असते. कुठे? तर सॉफ्टबॉल खेळायला. बाबांच्या मते हा 'लगोरीचा अमेरिकन प्रकार' आहे. मी वाद घालत नाही.

तीन वर्षं न्यू जर्सीत काढून पुण्यात परतलेल्या एका सॉफ्टवेअरवाल्याने आमची ही लीग सुरू केली. सहा टीम्स, मुलं-मुली मिक्स. काही जण माझ्यासारखे, म्हणजे कॉलेजात इंटर-कॉलेजिएट खेळलेले, बाकीचे ट्रेडमिलला कंटाळलेले. बाणेरच्या पुढचं एक ग्राउंड आम्हाला नऊपर्यंत मिळतं. नऊ वाजून एक मिनिटाने क्रिकेटवाले स्टंप घेऊन आत घुसतात.

आता अंपायर कोण? सोप्पं. ज्या टीमची मॅच नाही, तिने दोन माणसं द्यायची. एक होम प्लेटमागे, एक बेसजवळ. पैसे वाचले, रूल्स माहीत असलेली माणसंही मिळाली. आमच्यात 'इन्फिल्ड फ्लाय' म्हणजे काय हे न अडखळता सांगू शकणारे मोजून पाच जण आहेत. दुर्दैवाने त्यातली एक मी.

लीगचा शेवटचा रविवार होता. आमच्या पाचही मॅचेस संपल्या होत्या: तीन जिंकलो, दोन हरलो. टॉपची टीम पाचपैकी पाच जिंकून फायनलला केव्हाच पोचली होती. दुसरी जागा आम्हाला मिळणार की पिवळ्या टीमला, एवढंच बाकी होतं. त्यांचे तीन विजय आणि एक मॅच शिल्लक. ती जिंकले तर ते फायनलला. टाय झाली तर अर्धा पॉइंट, तरीही तेच. हरले तर आमच्याशी बरोबरी, आणि रन डिफरन्सवर आम्ही पुढे.

हे सगळं गणित मी युनिव्हर्सिटी चौकातल्या सिग्नलला मोबाइलवर करून बसले होते. हे मुद्दाम कबूल करतेय, कारण पुढची सगळी गोची तिथेच आहे. त्या मॅचला प्लेटमागे मी होते.

सॉफ्टबॉल न बघितलेल्यांसाठी थोडक्यात. क्रिकेटच्या अंपायरचं बरंचसं काम नुसतं उभं राहण्याचं असतं. इथे प्लेटमागचा अंपायर जवळपास प्रत्येक चेंडूला न्यायाधीश असतो. बॅटरने बॅट फिरवली नाही, तर चेंडू सतरा इंची प्लेटवरून आणि योग्य उंचीवरून गेला की नाही, हे त्याने ठरवायचं. गेला तर स्ट्राइक, नाही तर बॉल. तीन स्ट्राइक, बॅटर घरी. चार बॉल, बॅटर फुकट फर्स्ट बेसवर. सात इनिंग्जमध्ये शे-दीडशे वेळा तरी तुमचं मत विचारलं जातं, आणि दर वेळी कुणाचं तरी तोंड वाकडं होतं.

पिवळ्या टीममध्ये माझी कॉलेजपासूनची मैत्रीण आहे. तिला इथे आपण 'शॉर्टस्टॉप' म्हणू, ती तिथेच उभी राहते. होस्टेलच्या एकाच खोलीत आम्ही दोन वर्षं काढली आहेत आणि आजही मॅच संपली की माझ्याच गाडीवर बसून आम्ही 'वैशाली'त जातो.

शेवटची इनिंग. पिवळी टीम एका रनने मागे, दोन आउट, शॉर्टस्टॉप सेकंड बेसवर. बॅटरने लेफ्ट फील्डकडे मस्त फटका मारला. ती थर्ड बेसला वळसा घालून थेट होमकडे सुटली. थ्रो आला, कॅचरने घेतला, ती घसरत आली, ग्लोव्ह खाली आला, धूळ उडाली आणि मी हात वर केला.

"आउट!"

मॅच खलास. पिवळी टीम बाहेर, आम्ही फायनलमध्ये. बाउंडरीवर बसलेली माझी टीम ओरडत उठली. अंपायरसाठी टाळ्या वाजताना मी पहिल्यांदाच ऐकल्या, आणि त्या ऐकून पोटात गोळा आला.

शॉर्टस्टॉप उठली, ट्रॅकपँट झटकली. भांडली नाही. "काँग्रॅट्स गं," एवढंच म्हणाली आणि टीममधल्या दुसऱ्या कुणाच्या तरी कारमध्ये बसून गेली. मी एकटीने 'वैशाली'त जाऊन इडली मागवली आणि अर्धी टाकली.

नंतरचे चार दिवस तो सीन मी डोक्यात शंभरदा रिवाइंड केला. ग्लोव्ह लागला होता का? मला वाटतं, लागला होता. ऐंशी टक्के खात्री. प्लेटमागे उभं राहणाऱ्या कुणालाही विचारा, अशा धुळीत ऐंशी टक्के म्हणजे भरपूर. मी तिसऱ्याच टीमची असते, तर त्या ऐंशी टक्क्यांवर शांत झोपले असते. पण हात वर जाताना डोक्यात सिग्नलवरचं गणित होतं की नव्हतं, हे मला स्वतःलाच सांगता येईना. मी चीटिंग केलं असतं तर निदान तेवढं तरी पक्कं माहीत असतं!

आपल्याकडे 'कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट' हा शब्द घराघरात नेला क्रिकेटनेच. बोर्डाच्या पदाधिकाऱ्यालाही आयपीएलची टीम बाळगता यावी म्हणून २००८मध्ये बोर्डाने नियम बदलला आणि जानेवारी २०१५मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बदल रद्द केला. तेव्हा पेपरात 'हितसंबंधांचा संघर्ष' असं जडजड मराठी वाचून मला वाटायचं, हे सगळं कोट्यवधींचे व्यवहार करणाऱ्यांचं दुखणं. आमच्याकडे पणाला काय, तर साडेचारशे रुपयांचा कप.

त्याआधी भांडण होतं अंपायरचं. यजमान देशाच्या मॅचला यजमान देशाचेच अंपायर, ही टेस्ट क्रिकेटची जुनी चाल. पाहुण्या टीमने हरून घरी जायचं आणि अंपायरच्या नावाने बोटं मोडायची. १९८६मध्ये इम्रान खानच्या पाकिस्तानने वेस्ट इंडिजविरुद्धच्या लाहोर टेस्टला चक्क दोन भारतीय अंपायर बोलावले: व्ही. के. रामस्वामी आणि आपले ठाण्याचे पिलू रिपोर्टर. पाकिस्तानात, पाकिस्तानच्या मॅचला, भारतीय अंपायर! पुढे आयसीसीने १९९४पासून एक आणि २००२पासून दोन्ही अंपायर तटस्थ देशांचे केले. २०२०मध्ये कोव्हिडमुळे प्रवास बंद झाला तेव्हा पुन्हा स्थानिक अंपायर उभे राहिले, पण तोवर रिव्ह्यू होते, कॅमेरे होते. आमच्याकडे कॅमेरा एकच, आणि तो धरणारी मुलगी त्या वेळी सेल्फी काढत होती.

अंपायरने खेळलेलं असू नये, असं मात्र मुळीच नाही. वेंकटराघवन १९७५ आणि १९७९च्या वर्ल्ड कपमध्ये भारताचे कॅप्टन होते, नंतर जगातल्या उत्तम अंपायरांपैकी एक झाले. कुमार धर्मसेना १९९६ची वर्ल्ड कप फायनल खेळले आणि २०१५च्या फायनलला अंपायर म्हणून उभे राहिले. पण श्रीलंका त्या फायनलला असती, तर ते तिथे नसते. खेळून झाल्यावर अंपायर व्हा, बिनधास्त. पॉइंट्स टेबलमध्ये तुमचं नाव असताना मात्र लोचा होतो.

आमच्या न्यू जर्सी रिटर्न संस्थापकाला हे माहीत होतं, हा त्यातला आणखी संतापजनक भाग. मी फोनवर चिडले, तेव्हा गडी शांतपणे म्हणाला, "हो, तिकडच्या लीगमध्ये आम्ही ज्या डिव्हिजनमध्ये खेळायचो, तिथे अंपायरिंग करायची परवानगी नव्हती."

"मग इथे?"

"इथे डिव्हिजनच एक आहे ना!"

खरी अडचण हीच. ज्याला खेळ कळतो तो खेळतोय, आणि जो खेळत नाही त्याला खेळ कळत नाही. हौशी लीग छोटी असते, सगळे सगळ्यांचे कुणीतरी असतात. आणि झुकतं माप नेहमी आपल्याच बाजूला जातं असंही नाही. आमच्यातल्या एकाला त्याच्या ऑफिसमधल्या मित्रांची मॅच दिली होती. पक्षपात नको म्हणून पठ्ठ्याने मित्रांनाच असे काही स्ट्राइक दिले की त्यांनी महिनाभर त्याला डब्यातलं काही दिलं नाही.

गल्ली क्रिकेटने यावर फार पूर्वीच जालीम उपाय शोधला होता, हे आता लक्षात येतंय. आमच्या सोसायटीत बॅटिंग करणाऱ्या टीमचाच अंपायर असायचा. तो आपल्या माणसाला पायचीत देणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून एलबीडब्ल्यूच नव्हता! बोल्ड, कॅच, रनआउट, नाहीतर जोशीकाकांच्या गॅलरीत चेंडू गेला की आउट. जिथे मत द्यावं लागेल तो नियमच काढून टाकला. सॉफ्टबॉलमध्ये स्ट्राइक काढून टाकला तर उरेल काय?

थोडं आमच्या धंद्याबद्दलही बोलायला हवं. मी फ्रीलान्सर. स्पाचा रिव्ह्यू लिहायचा तर स्पावाले फेशियल फुकट करतात, आणि मी "पण मी खरं तेच लिहिलंय" असं स्वतःला सांगत घरी येते. बहुतेक वेळा खरंच लिहिलेलं असतं. तरी त्या रविवारनंतर एका कॅफेचं निमंत्रण मी नाकारलं. चीजकेक फार चांगला मिळतो तिथे, अजून हळहळ वाटते.

तर, फायनल. मी कॅप्टनला म्हटलं, आपण पिवळ्या टीमला जागा देऊ. तो म्हणाला, "वेडी आहेस का? आणि मग उरलेल्या अकरा जणांना तू समजावणार?" बरोबर होतं त्याचं. त्या अकरा जणांनी काहीच केलं नव्हतं. मी खेळले. आम्ही दोन रनने जिंकलो. कप कॅप्टनच्या डेस्कवर आहे, त्यात हल्ली पेनं ठेवतात. व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळ्यांनी टाळ्या टाकल्या, शॉर्टस्टॉपने नुसता अंगठा.

तीन आठवड्यांनी मीच तिच्या घरी गेले. विचारलं, "खरं सांग, ग्लोव्ह लागला होता का गं तुला?"

ती बराच वेळ चहात बिस्किट बुडवत बसली. मग म्हणाली, "मला कसं कळणार? मी डोळे मिटले होते."

आम्ही हसलो. पण थोड्या वेळाने ती म्हणाली, "आउट दिलंस त्याचं काही नाही. तू तिथे उभीच का राहिलीस?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मॅचच्या आधी एक वाक्य बोलले असते, की आज मी नको, तर काय झालं असतं? इन्फिल्ड फ्लायवरून थोडं भांडण. बस.

या सीझनला आम्ही मीटिंग घेतली. प्रत्येक खेळाडूकडून शंभर रुपये जास्त काढले आणि शारीरिक शिक्षणाचा कोर्स करणारी दोन मुलं अंपायर म्हणून आणली. रूल बुक तोंडपाठ, शिट्टीसारखा आवाज, कुणाची ओळख ना पाळख. दोन रविवार स्वर्ग होता.

तिसऱ्या रविवारी निळ्या टीमचा एक प्लेअर आला नाही. वॉर्मअप चालू असताना त्यातला एक अंपायर माझ्याजवळ आला, टोपी हातात घेऊन. "ताई, त्यांना एक जण कमी पडतोय. आजची एकच मॅच मी खेळलो तर चालेल का? दुसऱ्या मॅचला उभा राहतो ना परत."

दुसरी मॅच आमची होती. मी शॉर्टस्टॉपकडे पाहिलं. ती बूट बांधत होती, मान वर न करता म्हणाली, "मला विचारू नकोस."