जुनं ते सोनाळा!

सोमवारी संध्याकाळी आयटीवाल्यांचा मेल येतो, ‘आज रात्री सगळ्यांची मशिन्स अपडेट होतील.’ मंगळवारी येऊन बघावं तर रोजचं बटण भलत्याच कोपऱ्यात. कुणी विचारलं होतं का आपल्याला? छे! आपण दोन शिव्या हासडतो, नवा कोपरा शोधतो आणि गुरुवारपर्यंत जुना कोपरा कुठला होता हेही विसरतो. अपडेटला ‘नको’ म्हणायची आपली सवयच गेलीय.

म्हणून मला ती माणसं भारी वाटतात जी ‘नको’ म्हणतात आणि वर त्या ‘नको’साठी रात्रंदिवस राबतात. कॉम्प्युटर गेम्स खेळणाऱ्यांत ही जमात मोठी आहे. त्यातही मॉडवाल्यांत. मॉड म्हणजे कंपनीने बनवलेल्या गेममध्ये घरच्या घरी केलेले फेरफार. नवे कपडे, नव्या गाड्या, कधी अख्खं नवं शहर. हे सगळं गेमच्या एका ठरावीक व्हर्जनवर बेतलेलं असतं. उद्या कंपनीने खालचा पाया दोन इंच सरकवला की वरचा बंगला कोसळलाच म्हणून समजा.

खोटं वाटतंय? ‘फॉलआउट लंडन’ची गोष्ट ऐका. हौशी मंडळींनी काही वर्षं खपून ‘फॉलआउट ४’ या गेममध्ये अख्खं लंडन उभं केलं. तारीख जाहीर केली, २३ एप्रिल २०२४. आणि कंपनीने मूळ गेमचं मोठं अपडेट काढायला मुहूर्त शोधला तो २५ एप्रिल २०२४ चा! बिचाऱ्यांना थांबावं लागलं. शेवटी जुलैमध्ये मॉड बाहेर आला, आणि ज्यांचा गेम अपडेट झाला होता त्यांना आधी तो मागे न्यावा लागला. म्हणजे नवं खेळायचं तर आधी जुनं व्हा. आहे की नाही गंमत!

जीटीए सॅन अँड्रियासवाल्यांना तर याची सवयच आहे. २००५ मध्ये पीसीवर आलेलं १.० हे पहिलं व्हर्जन ते जिवापाड जपतात, कारण पुढच्या व्हर्जन्समध्ये कंपनीने मॉडिंगलाच पाचर मारली. २०१४ च्या अपडेटमध्ये तर गाडीच्या रेडिओवरची डझनभराहून जास्त गाणी गायब झाली, कारण त्यांच्या परवान्यांची मुदत संपली होती. तुम्ही पैसे मोजून घेतलेल्या गेममधली गाणी, तुमच्या घरातून, तुम्हाला न विचारता!

पण हे सगळं झालं परदेशातलं. आपला गेम कुठला? पंचविशी ओलांडलेल्या कुठल्याही मराठी मुलाला विचारा. कॉलेजजवळच्या कॅफेतला असो की चुलतभावाच्या घरातला, उत्तर एकच. क्रिकेट ०७!

ईए स्पोर्ट्सचा हा गेम २००६ च्या नोव्हेंबरमध्ये आला. पीसीसाठी ईएने त्यानंतर क्रिकेटचा गेमच काढला नाही. आयपीएल सुरू झाली २००८ मध्ये, म्हणजे या गेमला आयपीएल ठाऊकच नाही. परवाने होते इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाचे. त्यांचे खेळाडू खऱ्या नावांनिशी, आणि आपल्या पोरांची नावं मात्र मोडूनतोडून. त्यामुळे आपल्याकडे हा गेम जो जगला तो पॅचवर. दर उन्हाळ्यात कुणीतरी उत्साही पोरं नव्या जर्सी, नवे चेहरे, नव्या बॅटी, नवी ग्राउंड्स आणि सगळ्या टीम्सची नवी यादी बनवायची. ते सगळं गेममध्ये ओतलं की चेन्नई सुपर किंग्ज हजर! कॉमेंट्री मात्र रिची बेनो आणि मार्क निकोलस यांचीच. बेनो २०१५ मध्ये गेले, पण या गेममध्ये ते अजून कामावर आहेत. (त्यातल्या बहुतेक सीड्या कुठून आल्या, हे मला विचारू नका. तुम्हालाही माहितीय.)

कंपनीने टाकून दिलेला गेम असल्यामुळे याला कंपनीच्या अपडेटची भीती नाही. भीती आपल्याच माणसांची! कारण नवा पॅच टाकला की तो जुन्या फायलींवर नवे लेप चढवतो. २०१३ चा पॅच टाकला की २०१२ पुसलं गेलं. कुणी मुद्दाम नाही पुसत, ती फाईलच एका जागेची असते. दर वर्षी आपण हौसेने नवी आयपीएल आणतो आणि जुनी आयपीएल स्वतःच्या हाताने बुजवतो.

आता पुणेकरांनो, छातीवर हात ठेवून सांगा, पुणे वॉरियर्स इंडिया शेवटची कधी आठवली? सहाराने २०१० मध्ये ३७ कोटी डॉलर मोजून घेतलेली आपली टीम. २०११ ते २०१३ अशी तीनच वर्षं खेळली. दुसऱ्या वर्षी गांगुली कॅप्टन, गहुंजेला नवंकोरं स्टेडियम, त्यावर सुब्रत रॉय सहारा हे नाव, आणि गुणतक्त्यात शेवटचा नंबर. पुढे टीम गेली, स्टेडियमचं ते नावही गेलं. नंतर रायझिंग पुणे आली, २०१७ ची फायनल मुंबईकडून एका रनने हरली आणि तीही गेली. एका शहराच्या दोन-दोन टीम्स गेल्या आणि आपण मुंबई-चेन्नईचे टीशर्ट घालून मोकळे!

पण पुणे वॉरियर्स आहे. ती बुलढाणा जिल्ह्यात, संग्रामपूर तालुक्यात, सोनाळ्याला असते.

सोनाळा म्हणजे माझ्या मामाचं गाव. शेगावला ट्रेनमधून उतरायचं आणि एसटीने उत्तरेला सातपुड्याच्या दिशेने निघायचं. कापसाची काळी जमीन संपत येते आणि समोर डोंगर उभे राहतात. पलीकडे अंबाबरवाचं जंगल, ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येतं. तिथे माझ्या मामेभावाचं, दादाचं, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पुढच्या खोलीत सातबारा, शिष्यवृत्ती, पीकविमा. मागच्या खोलीत एक्सपीवर चालणारा जुना डेस्कटॉप, ज्याला इंटरनेटची वायर कधी लागलेली नाही. त्यात क्रिकेट ०७ आहे आणि त्यावर २०१२ चा पॅच. गांगुली कॅप्टन. डेक्कन चार्जर्सही जिवंत. ख्रिस गेलने वॉरियर्सला १७५ चोपले ते २३ एप्रिल २०१३ ला, म्हणजे या मशीनमध्ये तो दिवस अजून उगवायचाय! मला तर नुसत्या त्या कारणासाठीही हे व्हर्जन आवडतं.

दादाला मात्र गांगुलीचं फारसं काही नाही. त्याचं कारण वेगळं आहे.

२०१२ च्या उन्हाळ्यात लाईन असेल तेवढा वेळ बसून त्याने एका इंग्लिश कौंटीच्या खेळाडूंची नावं पुसली आणि त्या जागी सोनाळ्याची टेनिस बॉलची टीम बसवली. अकरा पोरं. कोण डावखुरा, कोण ऑफस्पिनर, कुणाची ताकद किती, कुणाला स्वीप जमतो, सगळं एकेक आकडा भरून. ‘स्ट्रोक व्हेरिएशन’ नावाची एक फाईल असते, तीही त्याने निस्तरली. मी तेव्हा बारावीत होते आणि मला हा शुद्ध वेडेपणा वाटला होता. आज त्या अकरा जणांतला एक चाकणला कंपनीत आहे, एक सुरतेला, एक सीआरपीएफमध्ये. विकेटकीपर गावातच शेती बघतो. आणि फास्ट बॉलर २०१६ मध्ये मोटरसायकलवरून शेगावहून येताना गेला.

गेममध्ये तो अकराव्या नंबरवर बॅटिंगला येतो आणि १४५ च्या स्पीडने टाकतो. गावात कुणी कधी स्पीडगन पाहिलेली नव्हती, पण दादा म्हणतो तेवढा होताच. त्याचा धाकटा भाऊ कधीमधी दुकानात येतो, मागे जाऊन एक ओव्हर टाकतो आणि निघून जातो. दादा त्याच्याशी काही बोलत नाही, फक्त पुढच्या गिऱ्हाइकाला म्हणतो, थांबा दोन मिनिटं.

तर या दिवाळीत मी गेले तेव्हा घरात महाभारत पेटलेलं होतं. दादाच्या मुलाला, वय वर्षं तेरा, नवा पॅच हवा होता. त्याचं म्हणणंही चूक नव्हतं. वैभव सूर्यवंशीने २०२५ च्या एप्रिलमध्ये, चौदाव्या वर्षी, ३५ बॉलमध्ये शंभर मारले आणि आपल्या घरच्या गेममध्ये अजून गांगुली टॉसला येतो, म्हणजे काय! ‘आत्या, तूच सांग ना पप्पाले, हे काय म्युझियम हाय काय?’

दादा म्हणाला, ‘तुले नवं पायजे तं तुह्या ल्यापटॉपवर टाक. याले हात नोको लावू.’

त्यात तिसरा प्रश्न उभा राहिला. त्या डेस्कटॉपची हार्डडिस्क टिकटिक आवाज करायला लागली होती. हा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना माहितीय की तो कशाचा असतो. सीडीवर चरे. कौंटीची टीम सोनाळ्याची केली ती यादी जगात एकाच ठिकाणी, आणि ते ठिकाण टिकटिकतंय.

मी पुण्याहून एक छोटी एसएसडी आणि जुनी डिस्क यूएसबीला जोडायची केबल मागवली. ती पोचेपर्यंत तीन दिवस दादाने तो कॉम्प्युटर सुरूच केला नाही. वरून उशीचा अभ्रा टाकून ठेवला होता, मांजर झोपवल्यासारखा.

तुमच्याकडेही असं काही जुनं असेल तर एक गोष्ट नीट ऐका. बहुतेक लोक गेमचं फोल्डर उचलतात आणि खूश होतात. क्रिकेट ०७ मध्ये अर्धा जीव तिथे नसतोच. टीम्सची यादी आणि सेव्ह केलेले सामने ‘माय डॉक्युमेंट्स’मधल्या वेगळ्या फोल्डरमध्ये बसतात. ते राहिलं तर गांगुली येईल, जर्सी येईल, पण सोनाळा येणार नाही. दुसरं म्हणजे पॅचचा मूळ सेटअप मिळाला तर तोही ठेवा आणि कुठला पॅच कशावर टाकला तो क्रम एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये लिहा. दादाने हा क्रम चक्क शिष्यवृत्तीच्या फॉर्मच्या पाठीमागे लिहून ठेवलेला निघाला. सलाम!

आणि दोन व्हर्जन्स एकाच लॅपटॉपवर हवी असतील तर? गेमचं फोल्डर दोनदा ठेवता येतं, पण दोन्ही गेम डोकावतात त्याच ‘माय डॉक्युमेंट्स’मध्ये, आणि मग याद्यांची खिचडी. आम्ही विंडोजमध्ये दोन यूजर बनवले. एक पोराचा, एक दादाचा. दोघांची डॉक्युमेंट्स वेगळी, भांडण मिटलं. पोराच्या बाजूला चकाचक नवा पॅच आला. तो अधूनमधून धपकन बंद पडतो, कारण गेम ३२ बिटचा, एरवी दोन जीबीच्या वर मेमरी वापरू शकत नाही, आणि नव्या पॅचवाल्यांना प्रत्येक खेळाडूची दाढी हाय डेफिनिशनमध्ये हवी असते.

मी दादाला म्हटलं, आता लॅपटॉपवर आहे ना, तो जुना डबा भंगारात दे. तो नाही म्हणाला, आणि यावेळी मला त्याचं पटलं. कारण सॅन अँड्रियासचीच आणखी एक गोष्ट आहे. त्यात स्किमर नावाचं पाण्यावर उतरणारं विमान आहे. विंडोज ११ चं २४एच२ हे अपडेट आलं आणि ते विमान कुठे सापडेना. सायलेंट या टोपणनावाच्या मॉडरने खोदकाम करून एप्रिल २०२५ मध्ये कारण शोधलं. गेमच्या डेटा फाईलमध्ये स्किमरच्या ओळीत चाकांच्या मापाचे आकडे लिहायचेच राहिले होते! गेम आपला मेमरीत आधीच्या गाडीचे उरलेले आकडे उचलायचा आणि काम भागायचं. वीस वर्षं भागलं. नव्या विंडोजने मेमरीतली ती जागा वापरायला घेतली, भलतेच आकडे हाती आले आणि विमान आकाशात कुठल्या कुठे फेकलं गेलं. गेमला कुणी बोटही लावलेलं नव्हतं. म्हणजे फोल्डर सांभाळणं वेगळं आणि ते चालेल अशी मशीन सांभाळणं वेगळं. मायक्रोसॉफ्टने एक्सपीची साथ २०१४ मध्येच सोडली, पण वायरच न लावलेल्या कॉम्प्युटरला त्याचं काय? जुन्या डब्यात आता एसएसडी बसवलीय. टिकटिक बंद, सुरू व्हायला लागतात वीस सेकंद.

एकूण तीन कॉपी झाल्या. एक दुकानात, एक विकेटकीपरच्या घरी, एक माझ्याकडे पुण्यात, कपाटात पासपोर्टशेजारी. क्लाउडचं मी सुचवून पाहिलं. दादा म्हणाला, ‘अन् तिथं कोनी अपडेट केलं तं?’

निघायच्या दिवशी पोराने शेवटचा प्रयत्न केला. नवा पॅच त्याला मिळाला होता, पण त्याला सूर्यवंशी सोनाळ्याच्या टीममध्ये हवा होता. ओपनिंगला. ‘फक्त एकाचं नाव बदलायचं पप्पा, त्यानं काय होते?’

दादा पीकविम्याचा फॉर्म भरत होता. मान वर न करता म्हणाला, ‘अकराच असतेत बापू. लयच हौस असन तं पानी आनाले ठेव त्याले.’