पडद्यावरची लढाई आणि घरातला अबोला

भोपाळ येथे स्थायिक झालेल्या एका वाचक भगिनीचे पत्र या सदराकडे आले आहे. त्यांना दोन पुत्र आहेत. थोरला नुकताच नोकरीस लागला आहे, धाकटा महाविद्यालयात शिकतो. एका गाजलेल्या व्हिडिओ गेमचा पुढील भाग येऊ घातला आहे आणि त्यातील लढाई कोणत्या रीतीची असावी, यावरून दोघा भावांत तीन आठवडे अबोला आहे. "एका पंगतीला बसतात, पण मीठसुद्धा माझ्याकरवी मागतात," असे त्या लिहितात. "जी वस्तू अद्याप जन्मास आली नाही, तिच्यापायी हे भांडण! मी हसावे की रडावे?"

आमचे उत्तर असे की मातेने हसूही नये आणि रडूही नये. वाद कशाचा आहे, तो प्रथम समजून घ्यावा. मुलांच्या ज्या गोष्टीला आपण पोरखेळ म्हणून बाजूला सारतो, तीत त्यांचे मन गुंतलेले असते, आणि मन गुंतलेले असते तेथे शब्द फार लवकर लागतो.

खेळणारा स्वतः कथेतील एखादे पात्र होऊन वावरतो, असा हा खेळाचा प्रकार १९७४ साली अमेरिकेत निघाला. गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ रचला. त्यास कागद, पेन्सिल आणि फासे पुरत. मित्रमंडळी मेजाभोवती बसत. कोणी योद्धा होई, कोणी मांत्रिक. तलवारीचा घाव लागला की हुकला, हे फासा ठरवी. साहजिकच एकाने चाल करायची आणि इतरांनी आपल्या पाळीची वाट पाहायची, अशी रीत पडली. पुढे संगणक आला आणि फासे त्याच्या पोटात गेले. यंत्राला थांबण्याची गरज नसते. म्हणून दुसरी रीत निघाली. तीत शत्रू आपल्यासाठी खोळंबत नाही. डोळा आणि बोटे यांच्या चपळाईने घाव घालावा लागतो व चुकवावा लागतो.

दोन्ही रीतींत गुण आहेत. पाळीपाळीच्या लढाईत बुद्धिबळाप्रमाणे विचारास अवधी मिळतो. ज्याची बोटे मंद आहेत, वय झाले आहे किंवा हात अधू आहे, तोही तेथे बरोबरीने खेळू शकतो. उलटपक्षी, अखंड चालणाऱ्या लढाईत सरावाने अंगी येणारे कौशल्य असते. हार झाली तर दोष फाशावर ढकलता येत नाही. एक भाऊ विचाराच्या बाजूने बोलतो, दुसरा चपळाईच्या. दोघांपैकी कोणीही मूर्ख नाही.

असा वाद जगात यापूर्वीही झाला आहे. 'बाल्डर्स गेट' या खेळाचे पहिले दोन भाग १९९८ आणि २००० साली कॅनडातील बायोवेअर या मंडळीने काढले. त्यांतील लढाई अखंड चाले. मात्र खेळणाऱ्यास वाटेल तेव्हा ती थांबवून आज्ञा देता येत. वीस वर्षांनी, २०२० मध्ये, बेल्जियममधील लॅरियन या कंपनीने तिसरा भाग दाखविला, तेव्हा लढाई पाळीपाळीची झालेली होती. जुन्या भागांवर प्रेम करणाऱ्या कित्येकांना हा आपल्या बालपणाचा अपमान वाटला; इतरांना तो फाशांच्या मूळ खेळाकडे परतण्याचा योग्य मार्ग वाटला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये खेळ पूर्णत्वाने बाहेर आला आणि त्या वर्षीच्या 'गेम अवॉर्ड्स'मध्ये सर्वोत्तम ठरला. म्हणून जुन्या रीतीचे चाहते चुकीचे ठरले असे नव्हे; त्यांची आवड त्यांचीच राहिली. पण 'रीत बदलली म्हणजे सर्व बुडाले', हे भाकीत मात्र खरे ठरले नाही.

आपल्या पुण्याचेही एक उदाहरण आहे. तेथील नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा मंडळीने २०२० साली 'राजी' नावाचा खेळ काढला. डोंबाऱ्याप्रमाणे कसरती करणारी एक मुलगी आपल्या हरवलेल्या भावाच्या शोधात निघते, अशी ती कथा. चित्रांची सर्वत्र वाखाणणी झाली. लढाईविषयी मात्र मते भिन्न पडली, आणि ती रसिकांनी उघडपणे मांडली. २०२५ मध्ये दुसऱ्या भागाची घोषणा झाली. 'हे वाईट आहे' एवढेच ऐकून कारागिराच्या हाती काही लागत नाही. 'येथे घाव घातला, पण तो लागल्यासारखा वाटला नाही', असे कोणी सांगितले, तर त्याला काम करता येते.

पण या भगिनींना इतके दूर जाण्याचे कारण नाही. त्यांच्या भोपाळातच याहून मोठा धडा आहे. भोपाळ हे हॉकीचे गाव. १९७५ साली क्वालालंपूर येथे विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात मलेशियाविरुद्ध भारत मागे पडला असता, बदली म्हणून उतरलेल्या भोपाळच्या अस्लम शेर खान याने पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी साधली. भारताने तो सामना जिंकला आणि पुढे चषकही. ती हॉकी गवताची होती. उसळत्या चेंडूला काठीशी चिकटवून ठेवणारे मनगट, हे तिचे वैभव. दुसऱ्याच वर्षी, १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये, कृत्रिम हिरवळ प्रथमच आली. चेंडू सरळ आणि वेगाने धावू लागला. मनगटापेक्षा दमसासाला महत्त्व आले. १९२८ पासून दर ऑलिंपिकमध्ये पदक आणणारा भारत सातवा आला. १९८० मध्ये मॉस्कोला सुवर्णपदक मिळाले खरे, पण त्यानंतर चार दशके हात रिकामे राहिले. ज्यांच्या गावात तसले महागडे मैदान नव्हते, त्या मुलांचे दुःख पडद्यावरील लढाईच्या दुःखाहून कितीतरी मोठे होते.

जुन्या खेळाडूंनी त्या वेळी रुसून बसावयाचे ठरविले असते, तर कोण दोष देता? पण १९७५ च्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध विजयी गोल करणाऱ्या अशोक कुमार यांनी पुढे भोपाळच्या अकादमीत नव्या मुलांना शिकविले. इटारसीजवळचा विवेक सागर प्रसाद हा मुलगा त्यांच्याच नजरेत भरला. टोकियोत २०२१ साली आणि पॅरिसला २०२४ साली कांस्यपदक मिळविणाऱ्या संघांत तो होता. गवतावर घडलेल्या गुरूने कृत्रिम हिरवळीवरचा शिष्य घडविला. जुन्या रीतीवरील प्रेम आणि नव्या रीतीतील माणसाविषयी आस्था, ही दोन्ही एका हृदयात मावतात, हे यावरून दिसून येते.

तेव्हा आमच्या या भगिनींनी एक करावे. एखाद्या सायंकाळी दोघा मुलांना जवळ बसवून सांगावे, "मला हा खेळ समजावून द्या, मात्र थोरल्याने धाकट्याची बाजू मांडायची आणि धाकट्याने थोरल्याची." दुसऱ्याची बाजू त्याच्याइतकीच चांगली मांडता येत नसेल, तर ती आपल्याला कळलेली नाही, आणि न कळलेल्या मतावर रागावणे हा अन्याय होय. आणखी एक व्यावहारिक गोष्ट मातापित्यांनी ध्यानी ठेवावी. असल्या खेळांपैकी पुष्कळ, वर सांगितलेल्या 'बाल्डर्स गेट'चा तिसरा भागही, प्रौढांसाठीच आहेत. वेष्टनावर वयाचा आकडा छापलेला असतो. घरात लहान मुले असतील तर तो वाचल्यावाचून खेळ घरात आणू नये.

मतभेद असलेले घर दुबळे नसते. ज्या घरात कोणी मतच मांडीत नाही, तेच अनेकदा आतून पोकळ असते. मात्र वादासही पाळी असावी. एकाने बोलावे, दुसऱ्याने ऐकावे, मग दुसऱ्याने बोलावे. पडद्यावर कोणती रीत उत्तम, हे ज्याचे त्याने ठरवावे; जेवणाच्या पंगतीला मात्र पाळीपाळीचीच रीत शोभते.