वायफाय आहे म्हणून टॉवर टाळू नका

मा. जिल्हाधिकारी, पुणे आणि दूरसंचार विभागाचे अधिकारी यांस,

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) या दोन तालुक्यांत फोनची रेंज डोंगर ठरवतो. किल्ल्याच्या माचीवर फोन लागतो आणि पायथ्याच्या घरात लागत नाही. हिरडस मावळातल्या वाड्यांवर बोलायचे तर टेकाड गाठावे लागते. अशा गावांत ‘ग्रामपंचायतीत भारतनेट योजनेचे वायफाय आहे, मग टॉवर कशाला?’ हा विचार घातक आहे. कार्यालयाच्या भिंतीपासून थोड्या अंतरावर वायफाय संपते आणि वीज गेली की बंदच पडते. रात्री साप चावला तर १०८ रुग्णवाहिकेला फोन कुठून लावायचा?

वायफाय नको, असे मी म्हणत नाही. फायबर आलेल्या शाळेत, दवाखान्यात ते टॉवरपेक्षा वेगवान चालते. घरात रेंज नसेल तर त्यावरून कॉलही लागतो. पण ते बिनपासवर्ड ठेवू नका. त्याच नावाचे खोटे वायफाय उभे करून बँकेचे बनावट पान दाखवणे अवघड नाही. भिंतीवर लिहिलेला एकच पासवर्डही पुरत नाही: वायफायच्या जुन्या डब्ल्यूपीए-२ सुरक्षा पद्धतीत तो ठाऊक असलेला माणूस दुसऱ्याची जोडणी पकडून उलगडू शकतो. २०१८ साली आलेल्या डब्ल्यूपीए-३ने ही फट बुजवली. नवी यंत्रे त्याच पद्धतीची घ्या.

टॉवरचे तसे नाही: सिममध्ये प्रत्येकाची वेगळी गुप्त किल्ली असते, आणि ४जीवर फोनसुद्धा टॉवर खरा आहे का ते तपासतो. २जीवर तो तपासत नाही. रेंज पडली की अनेक फोन २जीवर घसरतात आणि पेन्शनचा, बँकेचा ओटीपी त्याच कच्च्या वाटेने येतो. म्हणजे दरीतल्या माणसाला कमी वेगाबरोबर कमी सुरक्षितताही मिळते. हे मला सर्वांत जास्त खटकते.

जुलै २०२२मध्ये केंद्राने २४,६८० गावांपर्यंत ४जी नेण्यासाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली. त्यात आमची कोणती गावे आहेत, ती यादी दोन्ही तहसील कचेऱ्यांत लावा. गावठाणात रेंज आली म्हणून वरचा धनगरवाडा जोडला गेला, असे धरू नका; तिथे जाऊन मोजा. दऱ्यांमध्ये दूर पोचणारी ७०० मेगाहर्ट्झची लहर वापरा. आणि पावसाळ्यात वीज दिवसदिवस जाते, तेव्हा टॉवर किती तास चालेल, हे बॅटरी बसवतानाच गावाला लेखी कळवा.

आपला,
भोर तालुक्यातील एक रहिवासी